वादळानंतरची वर्गणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ग्रंथालयाची ही व्याख्यानमाला चालते, ते गावच्या मंडळाची पावतीपुस्तकं स्वतः सांभाळत असत. पाच रुपये देणाऱ्यालाही पावती आणि पाचशे देणाऱ्यालाही तीच पावती, तितक्याच नीट अक्षरात. म्हणून त्यांच्या नावच्या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. वर्गणी हाच विषय. त्यातही वादळात घर गेलेल्यांसाठी काढलेली वर्गणी.

माझ्यासमोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं गाव महाड, म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात आहे. तुम्ही मुंबईत राहता. पण गावच्या देवळाचा कळस, शाळेची खोली, स्मशानाची शेड, पाण्याची टाकी यांतलं काय मुंबईकरांच्या वर्गणीशिवाय उभं राहिलं? गिरणगावातल्या एकेका खोलीत वीस-वीस जण राहत होते, तेव्हापासून हे चालू आहे. त्यामुळे पैसे गोळा कसे करायचे हे मी तुम्हाला शिकवायला आलेलो नाही. ते कधी गोळा करायचे, कशावर खर्च करायचे आणि कोणाच्या हातात द्यायचे, या तीन गोष्टींबद्दल मला बोलायचं आहे. या तिन्हींत आपली सवय आणि वादळाची गरज यांचा मेळ बसत नाही, असं माझं मत आहे.

३ जून २०२०, बुधवार. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. हवामान खात्याने इशारा वेळेवर दिला होता. किनाऱ्यावरची माणसं शाळांमध्ये, समाजमंदिरांत हलवली होती. त्यामुळे राज्यातल्या मृतांची संख्या एक आकडीच राहिली. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी ती घडवून आणली त्या तलाठ्यांचे, पोलिसांचे, सरपंचांचे, अंगणवाडीताईंचे उपकार मानावे तेवढे थोडे.

पण त्या लहान आकड्याचा एक परिणाम झाला, तो नीट बघा. निसर्गच्या दोनच आठवडे आधी, २० मे रोजी, अम्फान चक्रीवादळाने बंगालची दैना केली होती. देशभर कोरोनाची धास्ती होती. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी तीन-चार दिवस निसर्गच्या बातम्या दिल्या आणि मग त्या आतल्या पानांवर गेल्या. का? कारण माणसं मेली नव्हती. मृतांचा आकडा लहान म्हणून बातमी लहान, आणि बातमी लहान म्हणून वर्गणीही लहान. उघड्या छपराखाली पावसाळा काढणाऱ्या माणसाचा फोटो दुसऱ्या आठवड्यात कोण छापतो?

हे कोकणापुरतं नाही. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलं आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. एरसमा भागात समुद्र गावांवरून फिरला. तेव्हा त्या किनाऱ्यावर वादळात आसरा घ्यायच्या पक्क्या इमारती वीस-बावीस होत्या, त्या रेड क्रॉसने बांधलेल्या. त्यानंतर ओडिशाने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं, निवारे बांधत बांधत आठशेच्या पुढे नेले, गावागावांत पोरं तयार केली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ फनी आलं, तेव्हा सुमारे बारा लाख माणसं आधीच हलवलेली होती. मृतांची संख्या ६४ राहिली. दहा हजारांवरून चौसष्टवर. जगाने ओडिशाचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं. पण फनीत लाखो घरांची छपरं गेली, पानवेलींचे मळे झोपले, नारळ मोडले. जीव वाचलेली ती माणसं दुसऱ्या दिवशी कुठे झोपली?

इशारे जसजसे सुधारतील तसतशी वादळात मरणारी माणसं कमी होत जातील आणि बेघर होणारी तेवढीच राहतील, किंबहुना वाढतील. आपण मात्र अजून मरणाकडे बघून खिशात हात घालतो. ही सवय बदलल्याशिवाय पुढच्या वादळात आपली मदत उपयोगाची ठरणार नाही.

आता खर्चाकडे येतो. वादळानंतर पहिली गरज कशाची? अन्नाची, असं पटकन तोंडात येतं. मी म्हणतो, छपराची.

कोकणातलं घर वादळात कसं जातं ते सांगतो. कौलारू घराचे आधी कोने उडतात, म्हणजे आढ्यावर पालथी घातलेली कौलं. तिथे वाट मिळाली की वारा खालच्या कौलांना एकेक करून उचलतो. पत्र्याचं घर वेगळं. पत्र्याला जे-हूक मारलेले असतात, त्यांचे वॉशर खाऱ्या हवेने गंजून पापुद्र्यासारखे झालेले असतात. वारा ओटीकडून आत शिरतो, बाहेर जायला जागा नसते, आणि तो पत्रा आतून वर ढकलतो. भोकापाशी पत्रा फाटतो आणि एक सुटला की शेजारचे सुटतात. भिंती बहुतेक वेळा उभ्याच असतात. पंचनाम्याच्या भाषेत हे ‘अंशतः नुकसान’. राहणाऱ्याच्या दृष्टीने घर गेलेलं असतं.

आणि महिना कोणता? जून. मृग चार दिवसांवर. रायगड-रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा पुढच्या चार महिन्यांत. आगोटीचं सामान घरात भरून झालेलं होतं. मसाला, मीठ, सोलं, आंबोशी, सुकी मासळी, लाकूडफाटा, आणि मुख्य म्हणजे पेरणीचं भातबियाणं. त्या दुपारी आणि नंतरच्या पावसात ते भिजलं. म्हणजे एका छपराबरोबर चार महिन्यांची बेगमी गेली आणि पुढच्या वर्षाचं भातही धोक्यात आलं. त्याच रात्री वर काहीतरी अंथरता आलं असतं, तर यातलं निम्मं वाचलं असतं. यासाठी मी छप्पर आधी म्हणतो.

हे ‘काहीतरी’ काय असतं? आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी ठरवलेलं एक माप आहे. जाड विणीची, कडांना दोरी बांधायची सोय असलेली चार बाय सहा मीटरची ताडपत्री. तात्पुरत्या निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा असावी, असंही त्यांचं मानक आहे. पाच माणसांचं घर धरलं तर साडेसतरा चौरस मीटर. एक ताडपत्री चोवीस चौरस मीटर झाकते. म्हणजे एका कुटुंबाला एक ताडपत्री, आणि उतार धरून नीट बांधायची तर दोन. रेड क्रॉसच्या निवारासंचात दोन ताडपत्र्या, दोरी, बांधायची तार, खिळे, हातोडी, करवत, फावडं असं साहित्य असतं. त्यात बिस्किटं नसतात. हातोडी असते, कारण वादळग्रस्त माणूस हातपाय गळून बसलेला नसतो. पाऊस थांबल्याबरोबर तो आढ्यावर चढतो. त्याला सामान हवं असतं.

आणि निसर्गनंतर सामानच नव्हतं. टाळेबंदीमुळे दुकानं अर्धी बंद, गाड्यांना ई-पास, रस्त्यांवर झाडं आडवी. पत्र्यांची टंचाई झाली, भाव चढले, जुन्या मापाची कौलं तर मिळेनातच. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. मोबाइलला रेंज नाही, एटीएम बंद. मुंबईहून कोणी खात्यात पैसे टाकले तरी ते काढायचे कसे? मोबाइलवर पैसे पाठवण्याची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की वीज गेली म्हणजे हा पैसाही गेला, हे ध्यानात येत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत गावातल्या कोणाकडे तरी रोख रक्कम आणि वस्तू आधीपासून असाव्या लागतात.

मग त्या काळात गावांत पोचलं काय? मला कोणाचं मन दुखवायचं नाही. दिलेलं सगळं मनापासूनच दिलेलं होतं. टाळेबंदीत स्वतःची नोकरी धोक्यात असताना लोकांनी दिलं, त्याची किंमत मला आहे. मेणबत्त्या, सौरकंदील, तांदूळ-डाळीच्या पिशव्या, पत्रे, हे उपयोगी पडलं. सौरकंदिलाने तर गावातल्या बायकांची रात्रीची भीती घालवली. पण एका शाळेच्या पडवीत मी कपड्यांचा ढीग पाहिला, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही. पोत्यांतून आलेले जुने कपडे. वाटायला माणूस नाही, वेगळं करायला जागा नाही, शाळेचं स्वतःचं छप्पर अर्धं उडालेलं. पावसात ते भिजले आणि कुजले. त्यात जरीच्या साड्या होत्या, कोट होते, लहान मुलांचे एकेकटे मोजे होते. शेवटी ते उचलून टाकायला गावाला माणसं लावावी लागली. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच घडलं होतं. ट्रकच्या ट्रक भरून आलेले कपडे रस्त्याच्या कडेला पडून राहिले आणि ते निवडून मार्गी लावायचं काम ‘गूंज’ या संस्थेने अंगावर घेतलं.

वादळग्रस्ताला आपण जुना कपडा देतो तेव्हा त्याच्या गरजेचा विचार करतो की आपल्या कपाटाचा? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला एकदा विचारावा. माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या आठवड्यात ताडपत्री, दोरी, कंदील, पिण्याचं पाणी, कोरडा शिधा, बायकांसाठी पॅड, त्यानंतर पैसे. बाजार सुरू झाला की पैशासारखी मदत नाही. कोणाला बियाणं हवं असतं, कोणाला सुताराची मजुरी, कोणाला मुलाची पुस्तकं. ते ठरवायचा हक्क ज्याचं घर पडलं त्याचा.

आता तिसरी गोष्ट, आणि मला वाटतं आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची. पैसे द्यायचे कोणाला?

सरकारने निसर्गनंतर मदत केली नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. रायगडला तातडीचे १०० कोटी, रत्नागिरीला ७५ कोटी, सिंधुदुर्गाला २५ कोटी जाहीर झाले. पूर्ण पडलेल्या घराची भरपाई ९५ हजार १०० वरून दीड लाखावर नेली. फळबागांना हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार केले. पण हेक्टर म्हणजे शंभरेक गुंठे. श्रीवर्धन-दिवेआगरकडे कोणाची वाडी हेक्टरात असते? पाच गुंठे, दहा गुंठे. दहा गुंठ्यांत नारळ, सुपारी, मधे जायफळ, सुपारीवर चढवलेले मिरीचे वेल. पिढ्यान्पिढ्या जपलेली वाडी, आणि हिशेब केला तर हातात पाच हजार. ओरड झाली, तेव्हा झाडामागे भरपाईचा निर्णय झाला. नारळाला अडीचशे, सुपारीला पन्नास रुपये. सुपारीचं रोप लावल्यापासून धरायला पाच-सहा वर्षं लागतात. पन्नास रुपयांत आडवं झालेलं झाड तोडून बाहेर काढायची मजुरीसुद्धा सुटत नाही.

तरीही वाडीवाल्याला काहीतरी मिळालं, कारण त्याच्याकडे सात-बारा होता. ज्याच्याकडे सात-बाराच नाही त्याचं काय? वाडीत सुपारी उतरवणारे गडी, सुपारी सोलून पोट भरणाऱ्या बायका, यांचं रोजचं काम त्या एका दुपारी संपलं. त्यांचा पंचनामा कुठल्या रकान्यात करायचा? भाड्याच्या खोलीत राहणारा शिंपी, टपरीवाला? आणि कातकरी वाड्या? रायगडात कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. पावसाळ्याआधी ती माणसं वीटभट्ट्यांवरून परत येतात, कुडाची घरं शाकारतात आणि चार महिने काढतात. घर पडलं हे गावाला दिसतं. कागदाला दिसत नाही.

एका वाडीवर एक आजी भेटली. घर नवऱ्याच्या चुलतभावाच्या नावावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चुलतभाऊ गुजरातेत, त्याची मुलं कुठे आहेत हे कोणाला नक्की माहीत नाही. पंचनामा झाला, घर ‘पूर्णतः नष्ट’ म्हणून लागलं, पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर जे नाव त्याच्याच खात्यात पैसे जाणार. तलाठीभाऊंचा काही दोष नव्हता, त्यांनी नियमाने केलं. आजी मला म्हणाली, “भाऊ, पडलं ते घर माझंच ना?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मग तुम्ही लिहून द्या की तसं.” तिच्या दृष्टीने शहरातून वही घेऊन आलेला माणूस म्हणजे ज्याच्या लिहिण्याला किंमत आहे असा माणूस.

लिहून देण्याला किंमत नव्हती. वर्गणीच्या पैशाला मात्र होती. वर्गणीला सात-बारा लागत नाही, सामाईक खातेदारांची संमतीपत्रं लागत नाहीत. गावात पाच माणसं बसून म्हणाली की हे घर हिचंच, तर वर्गणी तिला छप्पर घालून देऊ शकते. सरकारी पैसा नियमाला बांधलेला असतो आणि तो तसाच असला पाहिजे, कारण तो सगळ्यांचा आहे. वर्गणीचा पैसा ओळखीला बांधलेला असतो. गावात कोण खरं उघड्यावर आलं आहे हे गावाला माहीत असतं. म्हणून वर्गणी सगळ्यांना सारखी वाटायची पद्धत मला मान्य नाही. दर घरी एक पत्रा, दर घरी पाचशे रुपये, असं वाटलं की तक्रार राहत नाही, हे खरं. पण मुंबईत तीन मुलं नोकरीला असलेल्याच्या घरी आणि त्या आजीच्या घरी सारखंच गेलं, तर आपण वर्गणी काढली कशाला? यादी करताना वाईटपणा घ्यावा लागतो. तो मंडळाने घ्यावा. आणि यादी करायला बसताना कातकरी वाडीतली, बौद्धवाडीतली, कोळीवाड्यातली माणसं, त्यांतही बाया, शेजारी बसलेल्या असाव्यात. कारण ओळखीच्या पैशाला एक मोठा धोका असतो: तो ओळखीच्यांतच फिरतो. आपल्या वाडीचं मंडळ आपल्याच वाडीला देतं, आणि ज्या वाडीचं मुंबईत मंडळच नाही तिथे काही पोचत नाही. ज्या वाडीतून कोणी मुंबईला गेलंच नाही, किंवा गेलं ते नाक्यावर मजुरीला गेलं, तिचं मंडळ कसं असणार? तुमच्या गोळा झालेल्या प्रत्येक रकमेतला एक हिस्सा अशा वाडीसाठी बाजूला ठेवा, ही माझी विनंती आहे. ती मी हात जोडून करतो.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे पैसे कधी गोळा करायचे याकडे येतो. त्यासाठी जरा दूरचं उदाहरण घेतो, कारण वादळासाठी पैसे उभे करण्याचा विषय निघाला की ते टाळता येत नाही.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला आणि आसपासच्या बेटांवर चक्रीवादळ आलं. तीन ते पाच लाख माणसं गेली असं मानलं जातं. नोंद असलेल्या वादळांत याहून भयंकर दुसरं नाही. त्यापाठोपाठ मुक्तियुद्ध पेटलं आणि लाखो निर्वासित भारतात आले. पंडित रविशंकर अस्वस्थ झाले, गायक जॉर्ज हॅरिसनशी बोलले, आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन मैफिली झाल्या. अली अकबर खाँसाहेब, अल्लारखाँसाहेब, बॉब डिलन, सगळे होते. तिकिटांचे सुमारे दोन लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. मोठ्या कलावंतांनी संकटग्रस्तांसाठी जलसा करायचा, ही जगभरची रीत तिथून रुळली. पण पुढचं ऐका. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून आलेला पैसा याहून कितीतरी अधिक होता, आणि तो अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकून पडला. कारण कार्यक्रमाआधी धर्मादाय संस्था म्हणून करमाफीची कागदपत्रं केलेली नव्हती. हेतू शुद्ध होता, जनतेने भरभरून दिलं होतं, आणि छावण्यांतली माणसं वाट बघत होती.

त्याच वादळाने आणखी एक माणूस घडवला. फजले हसन आबेद. चितगावात शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. वादळानंतर मित्रांना घेऊन ते मनपुरा बेटावर मदतीला गेले आणि तिथे जे पाहिलं त्यानंतर त्यांचं नोकरीत लक्ष लागेना. युद्धकाळात लंडनमध्ये राहून त्यांनी बांगलादेशासाठी पैसे उभे केले, युद्ध संपल्यावर तिथलं आपलं घर विकलं आणि १९७२ मध्ये सिल्हेटच्या सुल्ला भागात परतलेल्या निर्वासितांना घरं बांधून द्यायचं काम सुरू केलं. त्यातून ब्रॅक ही संस्था झाली, आज जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांपैकी एक. त्याच वर्षी रेड क्रॉसने तिथल्या सरकारबरोबर किनाऱ्यावर वादळाची पूर्वसूचना देणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं उभारायला घेतलं. २००७ मध्ये सिद्र आलं तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. आकडा मोठाच, पण १९७० शी ताडून बघा. या कामांवरचा बराच पैसा वादळ गेल्यानंतर आणि पुढचं यायच्या आधी, कोणाचंही लक्ष नसताना खर्च झाला.

आपल्याकडे कागदपत्रांची अडचण काय असते हे इथल्या खजिनदारांना ठाऊक आहे. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नसेल तर वर्गणी काढायला कलम ४१-क खाली परवानगी लागते. गणपतीच्या वेळी आपण ती घेतो, वादळाच्या वेळी घाईत विसरतो. आयकरातली देणगीची सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, वस्तूंना तर मुळीच नाही. आणि परदेशातल्या आपल्या माणसांबद्दल. अमेरिकेत, आखातात, लंडनला कोकणातली मुलं आहेत, त्यांना द्यायची इच्छा असते. ज्याच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर अडचण नाही. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचा पैसा मात्र परदेशी देणगी धरला जातो, आणि परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाने तो घेणं गुन्हा आहे. २०२० च्या सप्टेंबरनंतर तर नोंदणी असलेली संस्थाही असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. हे सगळं ताडपत्री शोधायच्या दिवशी समजून घ्यायचं का?

म्हणून माझा प्रस्ताव आहे, आणि तो वादळ नसताना मांडतो आहे. प्रत्येक मंडळाने कायमचा आपत्ती निधी काढावा. घरामागे महिना ५० रुपये. शंभर घरांच्या मंडळाचे वर्षाला ६० हजार होतात, पाच वर्षांत तीन लाख. या पैशाला देवळाच्या, उत्सवाच्या, क्रिकेटच्या सामन्यांच्या खर्चाने हात लावायचा नाही, हे ठरावात लिहून घ्यावं. पहिल्या वर्षीच्या पैशातून चांगल्या ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, तार, हातोड्या, सौरकंदील घेऊन गावातल्या सगळ्यांत पक्क्या इमारतीत ठेवावेत, आणि किल्ली दोघांकडे द्यावी, त्यांतली एक बचत गटाच्या ताईंकडे. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी, मुंबईकर मे महिन्यात गावी यायच्या आधी, ते सामान बाहेर काढून बघावं. उंदरांनी कुरतडलेली ताडपत्री जून महिन्यात सापडून उपयोग नाही. त्याच दिवशी गावातल्या पत्र्यांचे हूक आणि वॉशर तपासावेत. गंजलेला वॉशर बदलायला लागतात दोन-चार रुपये.

वादळ आलंच, तर जमलेल्या पैशातला निम्मा दिवाळीपर्यंत खर्च करायचा नाही. हे ऐकायला कठोर वाटतं. पण भाऊबीज झाल्यावर गावात कोणी मदतवाला फिरकत नाही, आणि पक्कं छप्पर घालायचं काम तर पाऊस उघडल्यावरच सुरू होतं. सुपारीची रोपं लावायची ती पुढच्या पावसात. त्या वेळी ज्याच्याकडे पैसा असेल तोच खरा उपयोगी पडेल.

हिशेबाचं एकच सांगतो. आलेले पैसे नावनिशीवार आणि गेलेले पैसे कशावर गेले ते, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. घेणाऱ्यांची नावं मात्र लावू नका, त्यांच्या हातात पिशवी देतानाचे फोटो तर मुळीच काढू नका. तिथे वाडीचं नाव आणि घरांची संख्या पुरे. कोणी विचारेल की टेम्पोचं भाडं, फोनचा खर्च, कार्यकर्त्याचं जेवण वर्गणीतून का घातलं? घाला आणि भिंतीवर लिहा. सामान स्वतःच्या पायांनी कातकरी वाडीपर्यंत चालत जात नाही.

ग्रंथालयाच्या चिटणीसांशी मी बोललो आहे. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. ज्या मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आज इथे आहेत त्यांनी मंडळाचं नाव, गावाचं नाव आणि शेजारच्या एखाद्या अशा वाडीचं नाव लिहावं, जिचं मुंबईत मंडळ नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी याच सभागृहात बसू. नोंदणीची कामं जाणणारे दोन वकील यायला तयार आहेत, ताडपत्रीचे नमुनेही मागवले आहेत, आणि मंडळांनी एकत्र खरेदी केली तर काय भाव पडतो तो त्याच दिवशी ठरवून टाकू.